टबात ठेवलेलं रोप

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रशिक्षणाला गेले, तेव्हा आई रोपातलं गवत काढत होती. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय आणि ऐकणारे हसतात. मला अजिबात हसू येत नाही.

प्रशिक्षण कशाचं, तर कांद्याचं रोप तयार करणं आणि त्याची लावणी. बोलावणं कुणाला, तर ज्यांचं नाव सातबाऱ्यावर त्यांना. आमच्या पुणतांब्याकडच्या वस्त्यांवर पुरुषमाणूस कांद्याच्या रोपाला हात लावत नाही. तो वाफे बांधून देईल, पाणी सोडेल, आणि बांधावर उभा राहून "लवकर उरका" म्हणेल. बी टाकायचं बाईनं, रोप उपटायचं बाईनं, दिवसभर वाकून लावायचं बाईनं. त्या दिवशी मंगल कार्यालयात खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकानं तरी जन्मात एक ओळ लावली असेल का? पैज लावायला तयार आहे मी. आईनं विचारलं होतं, "म्या येऊ का?" अण्णा म्हणाले, "तितं बायका नसत्यात." ती खुरपं घेऊन वाफ्यात जाऊन बसली.

आणि आईच्या हातचं रोप म्हणजे काय होतं, ते वस्तीला विचारा. गादीवाफ्यावर बोटानं रेघा ओढून ती बी टाकायची. मूठ उधळून टाकणाऱ्यांची तिला चीड होती. वर चाळलेलं शेणखत, त्यावर उसाचं पाचट. कोंब दिसले की ऊन उतरल्यावरच पाचट उचलायची, नाहीतर कोवळं रोप होरपळतं. सात-आठ आठवड्यांनी एक रोप उपटून त्याचा बुडखा चिमटीत धरायची आणि तो हरभऱ्याएवढा भरला असेल तरच लावणीचा दिवस काढायची. शेजारपाजारच्या बाया पदरात दोन-चार रोपं घेऊन तिच्याकडं यायच्या, "बघ गं, झालं का लावायला?" ती सांगेल तो दिवस. तिला घरात दुसरा कसला मान होता, हे मला आठवून सांगता येणार नाही. हा एक होता.

अण्णा परत आले ते डोक्यावर नवी टोपी, हातात पिशवी आणि पिशवीत औषधाची एक बाटली घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "लावायच्या आदी रोपाची मुळं औशदाच्या पान्यात बुडवायची. मंग मर रोग येत न्हाई." बरोबर होतं ते. शिकवणाऱ्यानं बरोबरच शिकवलं होतं. त्याच प्रशिक्षणाला गेलेल्या एका गृहस्थांना मी नंतर गाठून विचारलं. ते म्हणाले, पंधरा मिनिटं बुडवायची, सावलीत निथळू द्यायची आणि लगेच लावायची. पण पंधरा मिनिटांचं सांगणं चाललं होतं, तेव्हा आमचे अण्णा जेवणाच्या रांगेत पुढचा नंबर धरून उभे होते. किती वेळ, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणून कुणाला विचारावं, हे त्यांच्या रक्तात नाही. लोणचं जितकं मुरेल तितकं चांगलं, असा काहीतरी हिशोब त्यांनी मनाशी केला आणि रोप रात्रभर ठेवायचं ठरवून टाकलं. औषधही बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट. कमी पडायला नको!

मी तेव्हा घरी होते. नगरला शाळेत विज्ञान शिकवते, लावणीसाठी म्हणून दोन दिवसांची रजा टाकून आले होते. लावणीच्या आदल्या दुपारी बायांनी रोप उपटलं, शेंडे छाटले, जुड्या बांधल्या. दरवर्षी त्या जुड्या लिंबाखाली उभ्या करून वर ओलं पोतं टाकतात. त्या वर्षी अण्णांनी गोठ्यातला मोठा निळा टब ओढत आणला, त्यात पांढरट पाणी केलं आणि म्हणाले, "सगळ्या ह्यात ठिवा. सकाळी काडायच्या."

आई म्हणाली, "अवो, उपटल्यालं रोप असं पान्यात ठिवत न्हाईत. मुळी कुजती."

"तू गेल्तीस का प्रशिक्षनाला?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आई, तिथं शिकलेली माणसं असतात. ऐक की एकदा."

एकेक जुडी तिनं स्वतःच्या हातानं टबात ठेवली.

सकाळी लावणीची टोळी आली. टोळीची पुढारी शेजारच्या वस्तीवरची खाला, आईच्याच वयाची, दोघींनी मिळून निम्म्या गावाचा कांदा लावलाय. तिनं एक जुडी उचलली, मुळांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला बुळबुळीत तपकिरी साल चिकटून आली. तिनं तो अंगठा आईसमोर धरला आणि हळूच म्हणाली, "ह्ये रोप ग्येलंय, बाई."

अण्णांनी ऐकलं. "तुमी लावा गपचिप," ते म्हणाले. "पान्यात पडलं की उठतंय."

आणि बायांनी लावलं! याचा मला कुणापेक्षा जास्त संताप येतो. रोप मेलंय हे कळणाऱ्या दहा बाया, ते न कळणाऱ्या एका माणसाच्या शब्दाखातर, भर पाण्यात वाकून दिवसभर मेलेलं रोप लावत होत्या. चार-चार बोटांवर, सरळ ओळीत, अगदी नीट. अंगठ्यानं मुळाशी माती दाबून. आई सगळ्यात पुढं होती. दुसऱ्या दिवशी मी नगरला निघून आले.

आठ दिवसांनी वाफे पिवळे पडले. पंधरा दिवसांनी त्यात गवत तेवढं हिरवं होतं. खालाच्या घरचं उरलेलं रोप आणून आईनं विहिरीकडचे थोडे वाफे पुन्हा भरले. बाकीचं रान मोकळं राहिलं. अण्णांनी तिकडं फिरकायचं सोडलं. त्यांनी टब धुऊन गोठ्यात नेऊन ठेवला, एवढंच.

पुढच्या रजेला मी घरी गेले, तेव्हा मामा आले होते. आईचे सख्खे भाऊ. ओसरीवर चहा चालला होता. मोकळं रान बघून ते म्हणाले, "दाजी, ताईचं रोप कदी वाया ग्येल्यालं म्या ऐकलं न्हाई. औंदा काय झालं?"

अण्णा बशीत फुंकर मारत म्हणाले, "दाट टाकलं तिनं बी. रोप कच्चं हुतं. म्या सांगत हुतो, अजून आठ दिस थांब. ऐकतीय कुटं!"

आई चुलीपाशी होती. दार उघडं होतं. तिच्या भावासमोर, तिच्याच रोपावर, हा माणूस खोटं बोलत होता आणि चहाही पीत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मामांना सगळं सांगितलं. जेवणाची रांग, दुप्पट औषध, रात्रभराचा टब, खालाचा अंगठा, सगळं. माझा आवाज चढला होता. अण्णांची बशी हातातच राहिली. मामा जमिनीकडं बघत बसले. मला वाटलं, आज आईच्या बाजूनं या घरात कुणीतरी पहिल्यांदा बोललं. खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला.

आई बाहेर आली. अण्णांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकं चिडलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"आत्ता तोंड फुटलं व्हय तुला?" ती म्हणाली. "धा वर्साची हुतीस तवापसनं वाफ्यात बसवून शिकिवलं तुला. त्यास्नी म्हाईत नव्हतं. तुला म्हाईत हुतं."