पानिपतावर तुमचं कोण होतं?

"काकूंचं कोण असणार? बुणग्यांतलंच कोणीतरी!"

सगळे हसले. मी कढईपाशी होते. हातात झारा. पानिपतच्या काला अंब स्मारकावर संक्रांतीचं धुकं इतकं दाट होतं की हसणारी तोंडं दिसत नव्हती. नुसतं हसू ऐकू येत होतं. त्यात एक हसू ओळखीचं होतं. माझ्या नवऱ्याचं.

आम्ही तेव्हा दिल्लीत सरकारी क्वार्टरात राहायचो. नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई. त्याचे साहेब मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जायची, लढाईत मेलेल्यांना फुलं वाहायला. त्या वर्षी साहेब नवऱ्याला म्हणाले, "मिसेसलाही आण." मी ठेवणीतली साडी नेसले. बसमध्ये खिडकीपाशी बसले. मला वाटलं, आपल्याला बोलावलंय.

उतरल्यावर सेक्रेटरीबाई, म्हणजे साहेबांच्या मिसेस, म्हणाल्या, "काकू, पुऱ्यांचं तुम्ही बघा हं. तुमच्या हाताला चव आहे."

त्यांनी माझ्या हातचं कधी खाल्लं नव्हतं.

स्मारकाच्या खांबाला हार घातला. मग साहेबांचं भाषण. सैन्याबरोबर गेलेल्या, न लढणाऱ्या माणसांना बुणगे म्हणतात. रांधणारे, दळणारे, गवत कापणारे, बायाबापड्या. साहेब म्हणाले, "आपण हरलो ते या बुणग्यांमुळे. लढायचं नाही, नुसतं खायचं!" लोक मान डोलवत होते, आणि मध्येच उठून माझ्याकडून पुऱ्या नेत होते.

मग एकेक जण उभा राहून आपल्या घराण्याचं सांगू लागला. कोणाचे पूर्वज घोडदळात. कोणाच्या घरात तेव्हापासून संक्रांत करत नाहीत. आमचं घराणं नाही. घर होतं, तेही सरकारी.

एक बाई म्हणाली, "अरे, काकू राहिल्या की! तुमचं कोण होतं हो पानिपतावर?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, मला अजून माहीत नाही. तेवढ्यात साहेब ते बुणग्यांचं बोलले. माझा नवरा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. सगळ्यांचं हसून संपलं तरी तो हसत होता, कारण साहेब त्याच्याकडे बघत होते.

परतताना बसमध्ये म्हणाला, "अगं, मजाक होता. एवढं काय त्यात?"

साडीवर तेल उडालं होतं, तिथे बोट घासत राहिले.

त्यानंतर ते हसू घरात राहायला आलं. नळाला पाणी यायच्या आधी नळ घुरघुरतो, त्यात यायचं. रेडिओ लागताना खरखरतो, त्यात यायचं. नवरा समोर गप्प जेवत असायचा आणि मला त्याचं हसू ऐकू यायचं.

पुढे मुलाला मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. नवरा रिटायर झाला. आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला गेलो. काल मोहरी होती तिथे आज बिल्डरचा बोर्ड, असे ते दिवस. नवरा तिथेच गेला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावेना, म्हणून त्याला बांधून उभा नेला. जिवंतपणी तो इतका ताठ कधी उभा राहिला नव्हता.

मला वाटलं, आता हसू थांबेल. थांबलं नाही. जनरेटर सुरू झाला की त्याच्या घरघरीत यायचं. थंडीत बाल्कनीतून खाली पाहिलं की उरलेल्या शेतात धुकं, आणि धुक्यात बायका उभ्या. शेजारी दळायची जाती. वर माझ्याकडे बघतायत. माझा भुतांवर विश्वास नाही. तरी दिसायच्या.

मंडळाची शाखा तोवर आमच्याकडेही निघाली. साहेब आणि सेक्रेटरीबाई जवळच्याच कोठीत, म्हणजे बंगल्यात, राहायला आले होते. महिलांच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "आपण अंक काढतोय. प्रत्येकीने लिहायचं. साधं, रोजचं, स्वतःचं."

मी म्हटलं, "मी लिहीन."

"अच्छा! पण काकू, तुम्ही चौथी ना? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मलाही तेच बरोबर वाटलं. लिहिणारी माणसं वेगळी असतात, आपण सांगायचं, असंच मी धरून चालले होते. सगळं सांगितलं. त्यांचं पेन भराभर चाललं. मग त्यांनी वाचून दाखवलं.

"मंडळाने मला पानिपतला नेले. त्या पवित्र भूमीवर सर्वांना जेवू घालण्याचे भाग्य मला लाभले."

"आणि बुणगे?"

"ते राहू दे. साहेब थकलेत आता."

"माझा नवरा हसला, ते?"

"काकू, गेलेल्या माणसाबद्दल असं बरं दिसतं का? त्यांचीच बदनामी होईल."

माझ्या मेलेल्या माणसाच्या आड त्या आपला जिवंत माणूस लपवत होत्या.

"कागद द्या इकडे."

"अहो, इतकं छान झालंय!"

"छान झालंय. माझं नाही."

खाली माझं नाव होतं. ते मी खोडलं. "ज्याचं असेल त्याचं नाव घाला."

"रोजचं लिहायला सांगितलं होतं काकू. रडगाणं नाही."

"माझं रोजचं हेच आहे."

घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. माझ्या हाताला लिहायची सवय सहीपुरती. पहिलं वाक्य लिहिलं, 'मी पुऱ्या तळत होते.' बघत बसले. हे कोण वाचणार? पुऱ्या काय, सगळ्याच तळतात. तेवढ्यात ते हसू ऐकू आलं. तेही लिहिलं. 'माझा नवरा हसला.' इथे पेन अडलं.

सून मागे उभी होती. "आई, मी नीट करून देऊ?"

"नको."

"बाबांना लोक काय म्हणतील?"

"घाबरट होता म्हणतील. होता. वाईट नव्हता. दोन्ही लिहिते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाचा हॉल भरला होता. साहेबही येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. मला कोणी वाच म्हटलं नव्हतं. मी उभी राहिले आणि वाचलं. आवाज कापत होता, तसाच कापू दिला. बुणग्यांचं वाक्य आलं तेव्हा साहेबांनी मान खाली घातली, का त्यांना डुलकी लागली, सांगता येत नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. सेक्रेटरीबाईंनी तिळगुळाची वाटी पुढे केली. "घ्या काकू. गोड बोला."

तिळगूळ घेतला. खाल्ला. गोड बोलले नाही.

हसू अजून येतं. लिहिलं की भुतं जातात, असं मी कोणाला सांगणार नाही. पण आता ते आलं की मी कागद ओढते. क्वार्टरातलं लिहायचंय. लिफ्टमधलं लिहायचंय. शेतातल्या त्या बायकांचं मला ठाऊक नाही, ते मी रचणार नाही. त्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून त्या नुसती तोंडं झाल्या, खाणारी. माझं तसं होऊ देणार नाही. माझं मी लिहीन, आणि कोणाला सुधारायला देणार नाही.

पानिपतावर माझं कोण होतं?

मी होते.