आमच्या केंद्रातली मोठी माणसं

आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात माल साचला की व्यापाऱ्याची झोप उडते. किस्से साचले तर मात्र गिऱ्हाईक आपणहून येतं, वर चहाही पाजतं! माझ्याकडचे बहुतेक किस्से मसाल्याच्या दुकानातले नाहीत, नलूच्या केंद्रातले आहेत.

नलू माझी धाकटी बहीण, वय बेचाळीस. कागदावर 'बौद्धिक दिव्यांग'. शाळा संपली आणि नंतर कितीतरी वर्षं ती दहा ते पाच आमच्या गॅलरीत बसून रस्ता बघायची. मग सरकारी अनुदानावर हे केंद्र निघालं, खास मोठ्या माणसांसाठी. रोज जायचं, काम शिकायचं, दोस्त करायचे. फक्त दरवर्षी भोपाळहून साहेब तपासणीला येतात. त्यांचा रिपोर्ट बिघडला तर अनुदान बंद, केंद्र बंद, नलू परत गॅलरीत. मी पालक समितीत. तपासणी जवळ आली की बीपी माझंच वाढतं.

*

सुरुवातीला मी तिथे सगळ्यांशी जरा मोठ्याने, लाडात बोलायचो. नलूच्या दोस्त रेखाताई पंचेचाळीसच्या, शिवणकामात पक्क्या. त्यांना म्हणालो, "अरे वा! आज डब्यात काय्य आणलं? भाजी-पोळी? शाब्बास!"

रेखाताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग केंद्र चालवणाऱ्या गीता मॅडमना हळूच विचारलं, "इनको क्या तकलीफ है?"

*

बडीशेपेच्या शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधायचं काम मीच केंद्राला दिलं. काट्यावर भरत बसतो. तिशीचा, शांत. चार दाणे टाकणार, दोन काढणार, काटा एकदम शंभरावर आला की मगच पुडी बंद. दुपारपर्यंत अर्धं पोतंसुद्धा संपेना.

म्हटलं, "भरत भिया, थोडा इधर-उधर चलता है."

तो काट्यावरची नजर न हलवता म्हणाला, "दुकान पे चलता होगा. यहां कांटा है."

तीस वर्षं धंद्यात आहे मी. संध्याकाळी दुकानात जाऊन आधी आपला काटा तपासला!

*

ह्याच भरतने वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांना बुके द्यायचा होता. दिला. पाहुण्यांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि भरत परत स्टेजवर. बुके पाहुण्यांच्या हातातून काढून घेतला, फुलं ओल्या कचऱ्याच्या डब्यात, प्लास्टिक सुक्याच्या डब्यात. स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या इंदूरचा माणूस! फक्त रिबिन तेवढी पाहुण्यांच्या बोटाला अडकून राहिली.

पाहुण्यांनी ती वर धरून अदबीने विचारलं, "भैया, ये किसमें?"

*

नलूच्या दिव्यांग कार्डाच्या नूतनीकरणाला तिचा आणि पालकाचा, दोघांचाही अंगठा लागतो. नलूचा एका झटक्यात लागला. माझा लागेना! जन्मभर मिरची-हळद हाताळून रेघाच पुसल्या आहेत. क्लार्क वैतागला, मी घामाघूम. शेवटी नलूने माझा हात धरला, अंगठा आपल्या ओढणीला खसाखसा पुसला आणि मशीनवर दाबून ठेवला. "दादा, हलू नको." लागला!

क्लार्कने फॉर्मवरून मान वर केली. "इसमें पालक कौन है?"

नलू म्हणाली, "अभी तो मैं ही हूं."

*

आणि ह्या वेळची तपासणी.

आदल्याच आठवड्यात गीता मॅडमनी सगळ्यांकडून एक धडा पक्का करून घेतला होता. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, पत्ता सांगायचा नाही, त्याने काही दिलं तर घ्यायचं नाही. ह्या वर्षी तपासणीचे साहेबच नवे आहेत, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही!

साहेब आले ते थेट नलूसमोर. "क्या नाम है, बेटा?"

नलू गप्प.

"कहां रहती हो?"

गप्प. रेखाताईंचे ओठ घट्ट. भरत छताकडे बघतोय. साहेबांनी खिशातून टॉफ्या काढल्या. अख्ख्या हॉलमध्ये एकाने हात पुढे केला नाही!

"ये लोग तो कुछ बोलते ही नहीं," म्हणत साहेबांनी फॉर्मवर 'व्यवहारज्ञान'च्या पुढे लिहिलं, शून्य. गीता मॅडम बोलायला गेल्या, तर हाताने थांबवलं. "आप मत सिखाइए."

तेवढ्यात नलू बोलली. "आयकार्ड?"

साहेब गडबडले. "वो... गाड़ी में है."

"तो लेके आओ."

भर उन्हात साहेब स्वतः दोन जिने उतरले, चढले, धापा टाकत कार्ड पुढे केलं. नलूने फोटो बघितला. साहेबांकडे बघितलं. परत फोटो.

"इसमें मूंछ है."

साहेबांना मिशी नव्हती.

सगळं केंद्र साहेबांकडे बघत होतं. साहेबांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि डाव्या हाताचं बोट आडवं करून वरच्या ओठावर धरलं.

नलूने मान तिरकी करून नीट पारखलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

"बैठिए सरजी. नलिनी नाम है मेरा. अब पूछो."

साहेब बसले. विचारलं काहीच नाही. बोट ओठावर तसंच ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांनी आधी ते 'शून्य' खोडलं.