घराचा प्रकार

परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या आमच्या ऑफिसात मी ॲडमिन सांभाळते. गेल्या वर्षी माझ्या गळ्यात एक कंटाळवाणं काम पडलं. ऑफिसच्या आतल्या साईटवर आमच्या सगळ्या याद्या असतात. त्यांच्यासाठी एकदा बनवलेला कॉलम कुणीही उचलून आपल्या यादीत वापरू शकतो, आणि असे सगळे कॉलम एका पानावर दिसतात. त्यांची फार गर्दी झाली होती. कुठला कुठे वापरलाय ते बघून नको ते काढायचे होते.

निम्मं पान खाली गेल्यावर ‘घराचा प्रकार’ दिसला. मला हसू आलं. तो माझाच. लॉकडाऊनमध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा बनवला होता. पर्याय चार: टॉवर, सोसायटी, चाळ, कोळीवाडा. मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. एका खोलीत पाच माणसं आणि त्यातच मीटिंग म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना घडीचं टेबल आणि हेडफोन पाठवायचे, एवढ्यासाठीच तो कॉलम. सामान पोचलं, काम संपलं.

आता काढून टाकू म्हणून तपासलं, तर तो आणखी एका यादीत होता. नोकरभरतीच्या.

ती उघडली. उमेदवारांची नावं, परीक्षेचे गुण, शेजारी अर्जातल्या पत्त्यावरून भरलेला ‘घराचा प्रकार’. जिथे जिथे चाळ किंवा कोळीवाडा, तिथे एकच शेरा: ‘घरून काम जमणार नाही. नको.’ अशा नऊ ओळी. त्यातली एक वरळी कोळीवाड्यातल्या मुलीची. तिची परीक्षा मीच घेतली होती, सगळ्यांत जास्त गुण तिला होते. ती आली नाही तेव्हा मला वाटलं, दुसरीकडे लागली असेल.

मी तशीच उठून भरती बघणाऱ्या मॅडमकडे गेले.

“त्यात एवढं काय गं?” त्या म्हणाल्या. “घरी जागा नको का? आणि कॉलम तुझाच तर आहे. आयता मिळाला.”

भांडायला गेलेली मी, मान खाली घालून जागेवर आले. मग ती यादी जशीच्या तशी मोठ्या साहेबांना पाठवली. खाली लिहिलं, कॉलम मी बनवला आहे, पण यासाठी नाही.

साहेबांनी बोलावलं. यादी दोनदा वाचली.

“नऊच्या नऊ जणांना परत बोलवा,” ते एवढंच म्हणाले. त्या यादीतून कॉलम त्याच दिवशी गेला. मॅडम पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या मुलीला फोन मीच केला. ती आता दादरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती.

“नको ताई, इथे बरं चाललंय माझं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “म्हणजे मी तेव्हा पास झाले होते?”

“पहिली आली होतीस.”



“आईला सांगते,” ती म्हणाली. “ती अजून म्हणते, तुझं इंग्लिश कच्चं म्हणून घेतलं नाही.”