आईच्या लग्नाचा वाढदिवस

परवा मंचरच्या बाजारातून आणलेले मासे तव्यावर टाकले आणि त्या वासानं मी वीस वर्षं मागे, डिंभ्याच्या आमच्या घरात जाऊन पोचले.

वडील जाऊन दोनच महिने झाले होते. आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आला. दरवर्षी त्या दिवशी वडील धरणावरून मासे आणायचे. त्या वर्षी आई स्वतः जाऊन घेऊन आली, कालवण केलं आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं.

आत्या दारातच थांबली. "वर्षश्राद्ध बी झालं न्हाई, आन् तू सण करतीस? लोकं काय म्हणतील?"

आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. लसणाच्या वाफेनं घर भरलं. "ते गेले म्हणून माझं लगीन खोटं न्हाई झालं, वन्सं. बसा."

मला तेव्हा आईचा रागच आला. इतक्यात विसरली, असं वाटलं. आज तिच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर कळतं, गाव तिला तो दिवस विसरायला सांगत होतं आणि ती एकटीच त्याला 'नाही' म्हणत होती.

आत्या शेवटी बसली आणि पहिल्याच घासाला रडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि स्वतःच्या ताटात पुन्हा भात वाढून घेतला.