सहा महिन्यांचे सुभेदार

दत्ताराम सुभेदार सभेला आले की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. टेबल मी मांडलेलं, गावच्या शाळेचा गुरुजी आणि मंडळाचा अठरा वर्षं चिटणीसही मीच. पण ते घड्याळ टेबलावर आलं की सगळी माणसं त्यांच्याकडे बघू लागत. मला ते कधी सहन झालं नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

फौजेतून निवृत्त होऊन ते संगमेश्वराजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा मंडळात नुसती भांडणं होती. मुंबईकर एका बाजूला, गावात राहणारे दुसऱ्या, आणि सभामंडपाचं छप्पर अर्धवट. अध्यक्ष नाना थकले होते. त्यांच्यामागे खुर्ची मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. बायकोला तसं बोलूनही दाखवलं होतं. देवळात भरलेल्या एका सभेत माणसं हातघाईवर आली. सुभेदार उठले, देवळाचं दार आतून लावून घेतलं आणि म्हणाले, "कमिटी बरखास्त. सहा महिने मी बघतो. कोणाला काय बोलायचा आसंल तर आता बोला." मी वहीत 'कमिटी बरखास्त' असं लिहून घेतलं. नानांनी तर किल्ल्या स्वतःहून पुढे केल्या.

सहा महिन्यांत छप्पर झालं, देवळाकडे चढणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या दुरुस्त झाल्या. सकाळी साडेसहाला सुभेदारांची शिट्टी वाजे आणि मुंबईहून रजेवर आलेले, एरवी दहापर्यंत लोळणारे लोक मुकाट्याने हजर होत. "सबब घरी ठेवायची, घमेला घेऊन यायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी बायकोही घरात ते म्हणू लागली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. मुदत संपल्यावर निवडणूक झाली आणि सुभेदार बिनविरोध अध्यक्ष झाले. ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्यात 'सर्वानुमते' हा शब्द जरा वेडावाकडा पडला आहे.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मी तापाने पडलो तेव्हा ते रोज सकाळी पेज घेऊन येत, उशाशी बसत आणि मंडळाच्या कामात माझा सल्ला विचारत. मी पडल्या पडल्या मनात म्हणे, हा आपली धडधाकट तब्येत दाखवायला येतोय.

पुढच्या वर्षी शिमगा आला. देवीची पालखी घरोघर जाताना दरवर्षी रखडते, म्हणून सुभेदारांनी वेळापत्रक केलं. घराला सात मिनिटं, बंद घरं वगळायची. वगळलेल्यांत मुकादमांचं घर होतं, कारण ती सगळी मंडळी कुवेतला. पण कधीकाळी देवळाला आग लागली तेव्हा देवीची चांदीची रूपं, म्हणजे पालखीत बसणारे मुखवटे, मुकादमांच्या पूर्वजांनी आपल्या घरात सांभाळली होती. म्हणून दाराला कुलूप असलं तरी पालखी त्यांच्या पायरीला टेकते, तिथे नारळ ठेवला जातो आणि मगच ती पुढच्या घराकडे वळते. सुभेदारांच्या लहानपणी ते घर भरलेलं होतं, आणि फौजेतल्या सगळ्या वर्षांत त्यांना शिमग्याला रजा मिळाली नव्हती. त्यांना हे माहीत नव्हतं. मला होतं. कागद घेऊन ते माझ्या ओटीवर आले. म्हणाले, "गुरुजी, एकदा नजर घाला. गावचा तुमाला जास्ती ठाऊक." मी कागद दोनदा वाचला आणि म्हटलं, "झकास आहे."

पालखीच्या दिवशी मुकादमांच्या पायरीपाशी खांदेकरी थांबले. सुभेदारांनी शिट्टी वाजवली. पालखी हलेना. तेव्हा त्यांनी एका खांदेकऱ्याला बाजूला केलं, दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पालखी पुढे नेली. ढोल बंद पडले. पुढच्या घरांतल्या बायका ओटीची ताटं घेऊन आत निघून गेल्या. मी गर्दीत मागे उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

चार दिवसांनी सभा भरली. इतके दिवस गप्प बसलेले सगळे त्या दिवशी बोलले. शेवटी नाना म्हणाले, निदान गुरुजींना तरी विचारायचं होतं. मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. सुभेदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाय विचारला. चूक माजी हाय." त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि ते निघून गेले. नानांनी अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं आणि टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते काजूच्या रोपांना आळी करत होते. मी विचारलं, खरं का नाही सांगितलंत? ते माती सारखी करत म्हणाले, "माज्यावरचा गावाचा विश्वास उडाला. तुमच्यावरचा पण उडाला तर मंडळ कोण चालवील?"

गेल्या पावसाळ्यात सुभेदार गेले. शोकसभा सभामंडपात झाली, त्यांनी पुऱ्या केलेल्या छपराखाली. मुकादमांचा थोरला मुलगा कुवेतहून आला होता, तो पहिल्या रांगेत बसला होता. अध्यक्ष म्हणून मी बोलायला उठलो. ते मला विचारायला आले होते, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो आणि खाली बसलो. शेजारी नाना डोळे पुसत होते, मागे बायका रडत होत्या, आणि त्या खुर्चीत बसून मला त्या गेलेल्या माणसाचा हेवा वाटत होता.