दगडामावशीची वाढीव तीस पानं

दगडामावशी माझ्या कॉम्प्युटर क्लासात चपला घालून शिरली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हिच्यापुढे शहाणपणा करायचा नसतो. साल १९९८. कर्जतमधला माझा क्लास नवा होता आणि गणितातलं डिस्टिंक्शनही ताजं होतं. चपला बाहेर काढा, मी म्हणाले, तर ती म्हणाली, "का? ह्याला बी सोवळं हाय व्हय?"

मावशी लग्नांचा स्वयंपाक करायची. चाळीस वर्षांत तिची आमटी कधी कमी पडली नव्हती. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळे आकडे डोक्यात. आता ते डोकं दगा देऊ लागलं होतं.

"येक डाव कमी पडलं की कोन इचारतंय मला? ह्या डब्यात बांधून ठिव समदं."

माझ्या कॉम्प्युटरवरच्या कॅल्क्युलेटर प्रोग्रॅममध्ये हवं ते गणित कीबोर्डच्या एकेका बटणावर बसवता यायचं. पाहुण्यांचा आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की डाळ किती ते समोर. बटणं ओळखायला त्यांवर चिकटवू म्हणून मावशीने टिकल्यांचं पाकीट आणलं. विधवा बाई टिकल्या घेते म्हणून दुकानदारीण टकामका बघत राहिली, तर मावशीने त्यातलीच एक तिच्या कपाळावर चिकटवली म्हणे. लाल टिकली कर्जतकरांची, शंभर पानांना पाच किलो डाळ. हिरवी खर्डा गावच्यांची, सहा किलो. काळी मास्तर लोकांची, सात. "फुकाट म्हनलं की लई हानत्यात."

"आन् परतेक बटनात आदी तीस पानं वाढीव धर."

"कशाला?"

"धर म्हनलं ना."

मी मान डोलावली आणि धरली नाहीत. यजमान मुळातच आकडा फुगवून सांगतो, त्यावर हिची आणखी तीस. नुसती नासाडी!

पुढच्याच महिन्यात खर्ड्याला तीनशे पानांचं लग्न होतं. मावशीने हिरवी टिकली दाबली, मी वाचून दाखवलं: अठरा किलो. पूर्वीसारखा स्वतःच्या डोक्यावर भरवसा असता, तर हा कमी आकडा ऐकताच तिने माझा कान पिळला असता. आता मशीनवर भरवसा टाकून गेली.

मलाही नवरीकडून आमंत्रण होतं. पाहुणे ढेकर देत उठले. मग बँडवाले, टेम्पोचे ड्रायव्हर, भांडी घासणाऱ्या बाया बसल्या, ज्यांना पत्रिका जात नाही असे सगळे. मावशीने पातेल्यात डाव घातला, तो तळाला खडखडला.

तिने डाव पातेल्यातच सोडला. "डोसकं गेलं माझं. हितनं फुडं सुपारी न्हाई घ्यायाची."

गप्प बसणं सोपं होतं. पण मला स्वतःची लाज वाटली.

"मावशी, ती तीस पानं मी गाळली. तुमचं काही चुकलं नाही."

"म्हंजी डोसकं शाबूत हाय माझं?"

"शाबूत."

तिने डोळे पुसले आणि त्याच हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला. "मग चल की भवाने! कांदं चीर."

तासाभरात पिठलं झालं. वाढायला मीच होते. पानं मोजली, बरोबर तीस. तिसावं वाढून झालं तेव्हा कढईत काही उरलं नव्हतं, आणि मावशी चुलीपाशी कोरडी भाकरी खात होती. तिच्या तिसांत ती स्वतः नव्हतीच. चाळीस वर्षांत कुठल्याच आकड्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक बटणात एकतीस पानं घातली. याही वेळी तिला न विचारता.