भट्टीत कोण होतं

वापीकडच्या खडोलीच्या त्या कारखान्याच्या भट्टीत कोणीही जळालं नव्हतं. हे वाक्य मी वेळेवर म्हणायला हवं होतं. म्हटलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणून आता लिहून ठेवतो.

नव्वदीची सुरुवात होती. सूत रंगवण्याचा कारखाना, आणि मी नाशिकहून आलेला सुपरवायझर. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, आमलीच्या चाळींत दाटीवाटीने राहणारे. त्यांतला एक चलाख पोरगा मी गुपचूप सुरतेला पाठवला. तिथल्या अशाच कारखान्यात माझा मेहुणा मॅनेजर होता, त्याला काम शिकलेला माणूस हवा होता. मालकाला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून पोराला बजावलं, "कुणाला बोलू नकोस." वापीला जाऊन मीच त्याला गाडीत बसवलं.

आदल्याच दिवशी त्याचं बॉयलरवाल्याशी वाजलं होतं. बॉयलरवाला वयाने मोठा, तोंडाने फटकळ. पोरगं आपला धुतलेला शर्ट रोज वाफेच्या पाइपवर वाळत घालायचं. त्या दिवशी बॉयलरवाल्याने तो शर्ट उचलला आणि भट्टीत भिरकावला. "परत इथे दिसलास तर तुलाच घालीन आत!" सगळ्यांनी ऐकलं. सगळे हसलेही.

पोरगं दिसेना, तरी सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग फाटकावरच्या फळ्यावर टाइमकीपरने खडूने लिहिलं, 'कल खून की जाँच होगी.' तो बिहारचा. मलेरियासाठी रक्त तपासायला दवाखान्याची माणसं येणार होती, एवढंच. सिनेमातून 'खून' हा शब्द आमच्या धुळेकरांनी कितीदा ऐकला असेल. पण त्या सकाळी त्यांनी तो मराठीत वाचला.

"कोणाचा खून, साहेब?" चहाच्या वेळी एकाने विचारलं.

"अरे रक्त, रक्त! मलेरियाचं."

"हां, वरतून दाखवायले मलेरिया." तो शेजाऱ्याकडे बघून म्हणाला, "बोट टोचून सगळ्यांचं घेतील. मग सापडलेलं रक्त कोणाचं, ते जुळवतील."

"कुठे सापडलं?"

"ते तुम्हालेच माहीत, साहेब."

त्याच दुपारी मागच्या गटारातून लाल पाणी आलं. सूत लाल रंगवलं की ते यायचंच, रंगवणारेही हेच. तरी सगळे काठावर उभे राहून बघत होते. पुढे राखेत काळं पडलेलं एक बटण मिळालं. ते खरंच त्याच्या शर्टाचं होतं. भांडण खरं, बटण खरं, नाहीसा झालेला माणूस खरा. कोणीतरी काहीतरी लपवतंय असं त्यांना वाटत होतं, तेही खरं होतं. लपवणारा मी होतो.

बॉयलरवाल्याने किटलीला हात लावला की तो चहा तसाच राहू लागला. लाल माल, म्हणजे लाल रंगवायचं सूत, लावायला कोणी पुढे येईना. एक दिवस बॉयलरवाला माझ्याकडे आला.

"साहेब, तुमच्या हाताखालचं पोरगं ते. तुम्ही तरी सांगा ना यांना."

"येईल परत. लक्ष देऊ नका."

"बायको विचारते हो. दार लावून घेते आणि विचारते, खरं काय ते सांगा म्हणून."

मी तुटलेल्या धाग्याला गाठ मारत राहिलो.

गाडीच्या खिडकीतून पोराने हलवलेला हात मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी दिवस कलला की मीही बॉयलरच्या बाजूने जाईनासा झालो. भट्टीचं दार उघडलं की आत बघायचं टाळायचो. एकदा वाफ सुटताना कोणी "साहेब" म्हटल्यासारखं वाटलं, अगदी त्याच्या आवाजात. मी वळून पाहिलं.

मग एका सकाळी पाइप थंड लागले. बॉयलरवाला बायकोला घेऊन खोली सोडून गेला होता. कुठे गेला, ते मला आजवर कळलेलं नाही.

"पळाला ना?" लोक म्हणाले. आता कोणाला शंका उरली नाही.

पुढच्या वर्षी पोरगं गावी जाताना भेटायला आलं. अंगात नवा शर्ट. जुने साथीदार त्याच्याकडे बघत मागे सरकले.

"हा तो नाही."

"अरे, मीच ना भाऊ!"

"त्याच्या कानाले चीर होती."

"ही काय!"

"ती डाव्या कानाले होती."

"हाच तो," मी म्हणालो. "मीच त्याला सुरतेला पाठवलं होतं."

"साहेबाले असं बोलायले मालकाने लावलं," मागून आवाज आला.

पोराने विचारलं, "बॉयलरवाले काका कुठेत? शर्ट दाखवायचा होता त्यांना." मी काही बोलेपर्यंत तो तिकडे गेलासुद्धा. तिथे नवा माणूस होता, त्याला ओळखत नसलेला. त्याने भट्टीचं दार उघडून पोराला आतली जागा दाखवली, बटण कुठे सापडलं ते दाखवलं, सगळी हकिकत रंगवून सांगितली. पोराने ती शेवटपर्यंत ऐकली आणि तो माझ्याजवळ आला. चेहरा उतरला होता.

"साहेब, मी तर सुरतेला होतो," तो हळूच म्हणाला. "मग भट्टीत कोण होतं?"

"शर्ट होता रे. तुझाच शर्ट."

त्याने मान डोलावली. पण परत जाताना तो भट्टीसमोरून गेला नाही. गटाराच्या काठाने, लांबून गेला. त्या दिवशी लाल माल चालू होता.